एचपीव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, आता पुढे काय?

गर्भाशयमुखाचा रिपोर्ट जरा इकडेतिकडे आला की आपल्याकडे दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर घरात थेट कॅन्सरची भाषा सुरू होते आणि कुणीतरी 'पिशवी काढून टाका, कायमची कटकट मिटेल' असा सल्ला देतं. नाहीतर कागद कपाटात जातो, कारण दुखत नाही, खुपत नाही, मग दवाखान्यात कशाला जायचं. आजाराची चाल या दोन्हींशी जुळत नाही. तो फार सावकाश पुढे सरकतो, बहुतेकदा आपणहून मागे फिरतो, आणि फिरला नाही तरी त्याला अडवायला हाताशी बरीच वर्षं असतात. त्या वर्षांत काय काय होतं, आणि प्रत्येक टप्प्यावर आपण काय विचारायचं, ते क्रमाने पाहू.

आधी जागा समजून घेऊ. गर्भाशयाचा खालचा, योनीमार्गात उघडणारा निमुळता भाग म्हणजे गर्भाशयमुख. बोलण्यात आपण त्याला पिशवीचं तोंड म्हणतो. त्याच्या बाहेरच्या बाजूला चपट्या पेशींचे बरेच थर असतात, तर आतल्या नळीत चिकट स्राव तयार करणाऱ्या उंच पेशींचा एकच थर असतो. हे दोन प्रकार जिथे भेटतात ती जागा दोन कापडांच्या शिवणीसारखी असते, पण ही शिवण आयुष्यभर एका ठिकाणी राहत नाही. वयात येताना आणि गरोदरपणात ती बाहेर येते, पाळी गेल्यावर आत सरकते. तिच्या सरकण्याने जो पट्टा तयार होतो, तिथल्या पेशी सतत बदलत असतात आणि विषाणू तिथेच सहज शिरतो. गर्भाशयमुखाचे बहुतेक कॅन्सर या पट्ट्यातच सुरू होतात. पुढच्या सगळ्या तपासण्यांचं लक्ष या पट्ट्यावरच असतं.

पहिला घोटाळा इथेच होतो. तरुण बाईमध्ये आतल्या लालसर पेशी बाहेरून दिसणं अगदी नैसर्गिक आहे. पण ते पाहून 'तोंडाला जखम झाली आहे' असं सांगितलं जातं आणि कधीकधी ती लगेच शेकून घ्यायला सुचवतात. आपल्याला असं कुणी सांगितलं तर एवढंच विचारावं: आधी पॅप किंवा एचपीव्ही तपासणी झाली आहे का? ती केल्याशिवाय शेकलं तर खाली दडलेला खरा बिघाड झाकला जाऊ शकतो.

आता विषाणू. एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. त्याचे २०० हून जास्त प्रकार आहेत. हातापायांवरचे चामखीळ काही प्रकारांमुळे होतात, तर कॅन्सरशी संबंध असलेले प्रकार १४ च्या आसपास. त्यातही १६ आणि १८ हे दोन क्रमांक लक्षात ठेवण्यासारखे. जगभरातल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्क्यांच्या मुळाशी हे दोघे असतात. हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं.

हा विषाणू शरीरसंबंधात त्वचेच्या स्पर्शातून पसरतो. तो इतका सर्रास आढळतो की शरीरसंबंध ठेवणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो गाठतोच. कंडोमने धोका कमी होतो, पूर्ण टळत नाही. आणि दहापैकी नऊ जणींच्या शरीरातून तो साधारण दोन वर्षांत आपोआप निघून जातो, त्यांना पत्ताही लागत नाही. उरलेल्या थोड्या जणींमध्ये तो ठाण मांडून बसतो. तिथूनही कॅन्सरपर्यंत पोहोचायला साधारणपणे १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्ही असेल किंवा प्रतिकारशक्ती दुसऱ्या कारणाने क्षीण झाली असेल तर हा काळ ५ ते १० वर्षांवर येतो.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की घरात एक प्रश्न हमखास निघतो, उघड किंवा मनातल्या मनात: हा आला कुणाकडून? याचं उत्तर कुठलीही तपासणी देऊ शकत नाही. विषाणू वर्षानुवर्षं शांत राहून नंतर तपासणीत दिसू शकतो. लग्नाच्या विसाव्या वर्षी सापडलेला विषाणू पंचवीस वर्षांपूर्वीचाही असू शकतो. त्यावरून नवऱ्यावर किंवा बायकोवर संशय घेणं निराधार आहे. जोडीदाराची यासाठी नेहमीची अशी तपासणी नसते आणि त्याला औषधही द्यावं लागत नाही. विषाणू मारणारं औषध मुळात कुणालाच उपलब्ध नाही. उपचार होतो तो बिघडलेल्या पेशींवर, आणि तोही त्या खरोखर बिघडल्या असतील तर.

पेशी बिघडल्या आहेत का, हे शोधायचे तीन मार्ग आहेत.

पॅप तपासणीत लहानशा ब्रशने गर्भाशयमुखावरच्या पेशी अलगद खरवडून काचेवर किंवा द्रवात घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. एचपीव्ही तपासणीत नमुना जवळपास तसाच घेतात, पण त्यात पेशींचं रूप न पाहता विषाणूची जनुकं शोधतात; या तपासणीचा नमुना बाई स्वतःही घेऊ शकते. तिसरा मार्ग व्हीआयए, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल ३ ते ५ टक्के प्रमाणात लावून मिनिटभराने नुसत्या डोळ्यांनी पाहणं. बिघडलेला भाग पांढरा होतो. सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये तिशीच्या पुढच्या बायकांसाठी हीच तपासणी आहे, दर पाच वर्षांनी. आशाताई घरी फॉर्म भरायला येतात तेव्हा याबद्दल विचारता येतं.

यातलं बरंचसं ज्ञान महाराष्ट्रातल्या बायकांमुळेच जगाला मिळालं आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाने १९९८ पासून प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून व्हीआयए करून घेतली, तेव्हा या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने, १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांवर तिन्ही तपासण्यांची तुलना झाली. त्याचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने पुढच्या अवस्थेतले कॅन्सर आणि त्यांचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. (या अभ्यासात ज्या गटाची तपासणीच केली गेली नाही त्यातल्या बायकांचं काय, हा नैतिक प्रश्न पुढे विचारला गेला, आणि तो योग्यच होता.) आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती देते, त्यामागे मराठवाड्यातल्या या बायकाही आहेत. आणि तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी ही तपासणी कधी तरी झालेल्या होत्या फक्त १.९ टक्के.

तपासणीला जाताना पाळी सुरू नसावी. आधीचे दोन दिवस शरीरसंबंध, योनीमार्गात ठेवायच्या गोळ्या किंवा मलम, आणि आत पाणी मारून धुणं टाळावं. नमुना खराब होण्याची सगळ्यात मोठी कारणं हीच असतात. एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा. संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जात असेल, किंवा दुर्गंधीयुक्त, रक्तमिश्रित पाणी जात असेल तर चाळणी तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. थेट स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं, जुना पॅप रिपोर्ट चांगला असला तरी.

मग रिपोर्ट हाती येतो, इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. सर्वांत जास्त घाबरवणारा शब्द बहुधा सर्वांत निरुपद्रवी असतो: 'इन्फ्लमेटरी'. याचा अर्थ पेशींना सूज आहे. आपल्याकडच्या बायकांच्या पॅप रिपोर्टमध्ये तो कायम दिसतो. त्याच कागदावर 'निगेटिव्ह फॉर इन्ट्राएपिथेलियल लीजन ऑर मॅलिग्नन्सी' किंवा थोडक्यात 'एनआयएलएम' लिहिलं असेल तर कॅन्सरपूर्व बदल सापडलेला नाही. सुजेसोबत जंतुसंसर्ग असेल तर त्याचं औषध घ्यावं, एवढंच.

'अनसॅटिस्फॅक्टरी' लिहिलेलं असेल तर नमुना वाचण्याजोगा नव्हता. पुष्कळ जणी हा रिपोर्ट नॉर्मल समजून ठेवून देतात. तो रिपोर्टच नाही. काही आठवड्यांनी नमुना पुन्हा द्यावा लागतो.

'एएससी-यूएस' म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या दिसतात, पण कशामुळे ते सांगता येत नाही. अशा वेळी एचपीव्ही तपासणी केली की निकाल लागतो; ती निगेटिव्ह आली तर काळजी फारशी उरत नाही. 'एलएसआयएल' म्हणजे सौम्य बदल. तो बहुधा विषाणूच्या ताज्या संसर्गाची खूण असतो आणि बरेचदा ओसरतो. 'एचएसआयएल' किंवा 'एएससी-एच' असेल तर मात्र कोल्पोस्कोपीला, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीला, उशीर करू नये. 'एजीसी' हे अक्षरसमूह क्वचित दिसतात. ते आतल्या नळीतल्या पेशींबद्दल आहेत आणि तिथे फक्त बाहेरून पाहून भागत नाही, नळीतून आणि गरज पडल्यास गर्भाशयाच्या अस्तरातूनही नमुना घ्यावा लागतो. यांपैकी कुठल्याही शब्दाचा अर्थ 'कॅन्सर झाला' असा होत नाही. पॅप ही चाळणी आहे, निदान नाही.

रिपोर्ट पॅपचा नसून एचपीव्हीचा असेल, तर पहिला प्रश्न: कोणता प्रकार? १६ किंवा १८ असेल तर पॅप नॉर्मल असली तरी कोल्पोस्कोपी करून घ्यायची. बाकीच्या धोकादायक प्रकारांपैकी असेल तर साधारणपणे पॅप करतात. ती नॉर्मल निघाली तर वर्षभराने पुन्हा एचपीव्ही तपासणी. वर्षभर थांबणं म्हणजे दुर्लक्ष करणं नव्हे, शरीराला विषाणू घालवायला दिलेला तो वेळ आहे. पण वर्षाने जायचं म्हणजे जायचं. तेव्हाही विषाणू असेलच तर कोल्पोस्कोपी.

कोल्पोस्कोपी या नावाला अनेक जणी घाबरतात, कारण 'दुर्बिणीने तपासणी' म्हटलं की पोटात नळी घालतील असं वाटतं. ही दुर्बीण शरीराच्या बाहेरच राहते. पॅपच्या वेळी वापरतात तेच उपकरण लावून योनीमार्ग उघडतात आणि बाहेरून, मोठं करून, गर्भाशयमुख पाहतात. भूल लागत नाही, उपाशी जावं लागत नाही, सगळं मिळून १५-२० मिनिटं. आधी आम्ल लावतात, पांढरा झालेला भाग पाहतात. मग बऱ्याचदा आयोडीन लावतात. निरोगी पेशी गडद तपकिरी होतात, बिघडलेल्या पेशी मोहरीच्या रंगाच्या पिवळ्या राहतात.

संशयाचा भाग दिसला तर तिथून काही मिलिमीटरचा तुकडा चिमट्याने घेतात. हीच बायोप्सी. क्षणभर चिमटा काढल्यासारखं किंवा पाळीसारखं दुखतं. रक्त थांबवायला एक गडद औषध लावतात, त्यामुळे दोन-चार दिवस काळपट चुऱ्यासारखा स्राव जातो. हे कुणी आधी सांगत नाही आणि बाई घाबरून रात्री दवाखाना गाठते. 'तुकडा काढला की आजार पसरतो' ही समजूत आपल्याकडे फार खोल आहे. ती चुकीची आहे, आणि तिच्यापायी निदान लांबतं ते वेगळंच.

इथे एक प्रश्न आवर्जून विचारावा: तो बदलता पट्टा पूर्ण दिसला का? चाळिशी-पन्नाशीनंतर तो आतल्या नळीत सरकलेला असतो, मग बाहेरून पाहून 'सगळं छान आहे' म्हणण्याला फार अर्थ राहत नाही. पट्टा दिसला नसेल तर नळीच्या आतून नमुना घ्यावा लागतो. पाळी गेलेल्या बाईमध्ये नुसत्या व्हीआयएवर विसंबत नाहीत, तेही याच कारणाने.

बायोप्सीच्या रिपोर्टवर आता नवी अक्षरं येतात: 'सीआयएन' आणि पुढे १, २ किंवा ३. थरांच्या किती जाडीपर्यंत पेशी बिघडल्या आहेत, त्याचा हा हिशेब. सीआयएन १ म्हणजे खालचा एक तृतीयांश भाग. हा बहुतेकदा आपोआप बरा होतो, त्याला कापत किंवा जाळत बसू नये, ठरलेल्या वेळी तपासत राहावं. सीआयएन २ मधला. तरुण, मूल हवं असलेल्या बाईला डॉक्टर काही काळ लक्ष ठेवून थांबायला सांगू शकतात, कारण यातले जवळपास निम्मे बदल दोन वर्षांत मागे फिरतात. बाकीच्यांना सहसा उपचार देतात.

सीआयएन ३ ला थांबायचं नाही. न थांबण्याचं कारण जगाला न्यूझीलंडमधून कळलं, आणि फार वाईट रीतीने. ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये साठच्या दशकात काही बायकांना सीआयएन ३ असूनही पुरेसा उपचार न देता नुसतं पाहत राहिले, त्यांच्या नकळत. १९८७ साली तिथल्या सरकारने चौकशी बसवली. पुढे त्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की अपुरा उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के बायकांना ३० वर्षांत कॅन्सर झाला. नीट उपचार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं. म्हणजे सीआयएन ३ हासुद्धा कॅन्सर नाही, त्याचं कॅन्सरमध्ये रूपांतर व्हायला वर्षं लागतात, आणि वेळेत काढला तर तो जवळजवळ नक्की थांबतो.

काढायचे मार्ग दोन जातींचे. पहिल्यात बिघडलेला भाग जागेवरच नष्ट करतात, गरम टोकाच्या उपकरणाने किंवा गोठवून. हे काही मिनिटांत होतं, शिबिरातही करता येतं, पण बदललेला भाग पूर्ण दिसत असेल, तो नळीत शिरलेला नसेल आणि कॅन्सरचा संशय नसेल तरच. खेड्यातल्या शिबिरांत व्हीआयए पॉझिटिव्ह आल्यावर त्याच दिवशी, बायोप्सीशिवाय, हा उपचार देऊन टाकतात. शहरातल्या वाचकाला ही घाई वाटेल. पण दहा वेळा बोलावलं तर दहाव्या खेपेला किती जणी येतील, हा विचार करता मला ती तडजोड शहाणपणाची वाटते.

दुसऱ्या जातीत भाग कापून काढतात. 'लीप'मध्ये विजेवर चालणाऱ्या बारीक तारेच्या कडीने, जागेपुरती भूल देऊन. 'कोनायझेशन'मध्ये शंकूच्या आकाराचा मोठा तुकडा, बहुधा पूर्ण भूल देऊन. फायदा असा, की काढलेला भाग तपासायला मिळतो. त्या रिपोर्टमध्ये 'मार्जिन' म्हणजे कडा पाहाव्यात. कडेपर्यंत बिघाड आहे असं आलं तरी लगेच दुसरी शस्त्रक्रिया ठरलेलीच असं नाही, पण पुढची तपासणी चुकवण्याची मुभा अजिबात नाही. या उपचारांनंतर दोन-चार आठवडे पाण्यासारखा स्राव जातो. साधारण महिनाभर शरीरसंबंध टाळायचे, जड ओझं उचलायचं नाही. भरभरून रक्त जाणं, ताप किंवा घाण वास असेल तर लगेच दाखवायचं. मूल व्हायचं असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावं, कारण मोठा तुकडा काढल्यास पुढे लवकर प्रसूतीची शक्यता थोडी वाढते.

आता पिशवी काढण्याबद्दल. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली गेल्याचं २०१९ साली समोर आलं, राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पांढरं जाणं, कंबर दुखणं अशा तक्रारी घेऊन गेलेल्या तरुण बायकांना कॅन्सरची भीती घातली गेली होती. त्यामुळे हे स्पष्ट सांगायला हवं: एचपीव्ही पॉझिटिव्ह, सूज, सीआयएन १ यांपैकी कशासाठीही गर्भाशय काढायचं नसतं. सीआयएन २ आणि ३ चा पहिला उपचारही वर सांगितला तोच. आणि तपासणी अर्धवट ठेवून पिशवी काढली आणि आत कॅन्सर निघाला, तर ती शस्त्रक्रिया अपुरी ठरते. कॅन्सरची शस्त्रक्रिया वेगळी आणि मोठी असते. सीआयएन ३ साठी योग्य कारणाने गर्भाशय काढलं तरी विषाणू योनीमार्गात राहू शकतो, म्हणून तिथली तपासणी सुरूच ठेवावी लागते. 'कायमची कटकट' मिटत नाही.

उपचारानंतर ६ ते १२ महिन्यांनी एचपीव्ही तपासणी करायची. ती निगेटिव्ह आली की पुढची काही वर्षं दरवर्षी, मग अंतर वाढवत, पण एकंदर २५ वर्षं तरी लक्ष ठेवायचं. बायका सुटतात त्या बहुधा इथेच. 'लीप झालं, मोकळी झाले' असं वाटतं. फोन नंबर बदलतो, कुटुंब कारखान्यावर किंवा परगावी जातं, रिपोर्टचा निरोप नवऱ्याच्या मोबाइलवर येतो आणि तिथेच राहतो. म्हणून दवाखान्यातून निघताना कागदावर लिहून घ्यावं: आज नेमकं काय केलं, पुढची तपासणी कोणती, कोणत्या महिन्यात. निरोप कुणाच्या नंबरवर यावा हेही आपण सांगायचं.

गरोदरपणात बिघाड सापडला तर कोल्पोस्कोपी सुरक्षित आहे. कॅन्सरचा संशय नसेल तर उपचार बाळंतपणानंतर करतात. एचआयव्ही असलेल्या बायकांनी तपासणी तिशीऐवजी पंचविशीत सुरू करावी आणि जास्त वेळा करावी. सिगारेट-बिडीने विषाणू टिकून राहायला मदत होते. लस मुलींना ९ ते १४ या वयात सर्वांत उपयोगी पडते; पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही लस जानेवारी २०२३ मध्ये आली. आधीच झालेला संसर्ग किंवा बिघडलेल्या पेशी लसीने बऱ्या होत नाहीत, आणि लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी करावीच लागते.

शेवटचं, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तेव्हाचं. नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या लहान ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो, त्याला प्रयोगशाळेत 'ब्लॉक' म्हणतात, आणि त्याच्या पातळ चकत्या काचेवर असतात, त्या 'स्लाइड्स'. अर्ज करून, सही देऊन दोन्ही मागता येतात. मोठ्या कॅन्सर रुग्णालयात गेल्यावर पहिल्या खिडकीवरच त्या मागतात, आणि नसतील तर परत पाठवतात.